सुरेंद्र सरांच्या गाडीला धक्का

मावला गावात कुणाचीही गाडी बंद पडली, की बोलावणं येवो न येवो, सुरेंद्र खोब्रागडे सर हजर. शाळेत शिकवायचे गणित, पण जीव सगळा इंजिनात. त्यांचा बाप धोंडीबा बाजारहत्नूरला लोकांच्या शेतात राबला, त्याला साधी सायकल जमली नाही, आणि पोराच्या दारात चारचाकी उभी! सेकंडहँड का असेना. सरांनी तिचं बॉनेट इतक्यांदा उघडलं होतं, की बायको म्हणायची, "एवढ्या बारी माह्या सैपाकघरात डोकावले असते, तं चहा तरी शिकले असते."

त्या रविवारी सकाळी मात्र त्यांचीच गाडी अडून बसली. लेक प्रगतीला मंचेरियलला सासरी पोचवायचं होतं. आठ दिवसांसाठी आलेली पोरगी महिनाभर राहिली होती. जावयाचा दोनदा फोन येऊन गेला होता. डिकीत बॅग ठेवून झाली, लाडवांचा डबा ठेवून झाला, आणि सरांनी चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. पुढं काहीच नाही.

दुसरा कुणी वैतागला असता. सर खुलले.

"पाह्य प्रगती, टकटकटक वाजलं, तं बॅटरी उतरली समज. हे एकच टक् हाय. लाइट लाव आता."

लाइट लखलखीत. चावी फिरवली तरी मंद होईना. म्हणजे बॅटरी ठणठणीत. तरी सरांनी तिच्या टोकांवरचा पांढरा थर गरम पाण्यानं धुतला, तारा घासून घट्ट आवळल्या. टक्. मग पान्याच्या दांड्यानं स्टार्टरला दोनचार ठोके दिले, अडकला असेल तर कधी कधी तेवढ्यानं सुटतो म्हणून. टक्.

"स्टार्टर गेला," सरांनी निकाल दिला. "पन काई फिकर नाई. धक्क्याले स्टार्टर लागतच नाई."

शेजारचा नागेश आला, येताना आणखी दोघांना घेऊन आला. सर स्वतः मागं लागले, कारण जोर कुठं लावायचा हे आपल्यालाच कळतं असा त्यांचा समज. स्टिअरिंगवर प्रगती. तिला गाडी त्यांनीच शिकवलेली, आणि ती आपल्यापेक्षा सफाईनं चालवते हे ते चारचौघांत मोठ्या तोंडानं सांगायचे.

"चावी चालू ठेव, दुसरा गिअर टाक, क्लच दाबून धर. मी सोड म्हनलो का सोड."

गाडी रस्त्यावर आली, वेग धरला. "सोड!" सर ओरडले. गाडीला हिसका बसायला हवा होता. ती मात्र निवांत घरंगळत गेली आणि थांबली. पुन्हा ढकलली. तेच. तिसऱ्यांदाही तेच. नागेशला धाप लागली.

"सर, पेट्रोल तं हाय ना?"

हा प्रश्न, आणि सुरेंद्र सरांना! ते फणकारले, पण मनातून चक्रावले होते. बॅटरी चांगली, नुसता स्टार्टर गेलेला, मग धक्क्यानं चालू व्हायलाच पाहिजे. चौथ्या वेळी ते मागं लागले नाहीत. प्रगतीच्या खिडकीला धरून, आत बघत, गाडीबरोबर धावले.

"सोड!"

प्रगतीचा डावा पाय क्लचवर होता, पार तळापर्यंत दाबलेला. नजर समोर रस्त्यावर. गाडी थांबली तरी पाय तिथंच.

"अवं पोरी, पाय उचल ना! विसरली का?"

"विसरली नाई, बाबा," ती त्यांच्याकडे न बघता हळूच म्हणाली. "मी उचलूनच नाई राह्यली."

"काऊन?"

"गाडी चालू झाली, तं मले तिथं जा लागते."

सरांना वाटलं, आपण काहीतरी भलतंच ऐकलं. मग तिनं स्टिअरिंगवरचा एक हात काढून बाही कोपराच्या वर सरकवली. माराचे व्रण होते, काही जुने, काही महिन्याभरापूर्वीचे. महिनाभर पोरगी पूर्ण बाह्यांचे कपडे घालून घरात वावरली होती, आणि सरांनी एवढंच म्हटलं होतं, की यंदा हिला थंडी फार वाजते.

"सांगायचं नाई का मले?" सर म्हणाले.

"सांगतलं असतं, तं तुमी त्याची समजूत काढली असती. मंग मले तिथंच सोडून आले असते."

खोटं म्हणावं असं त्यात काही नव्हतं. आपण असंच केलं असतं, वर जावयाच्या घरी चहा पिऊन आलो असतो, हे त्यांना लख्ख दिसलं.

"सर, आखरी बार मारू का धक्का?" मागून नागेशनं विचारलं.

"नाई," सर कसेबसे म्हणाले. "मागं लोटा. घराकडं."

"अन् मंचेरियल?"

"नाई जाची ती."

तिघं पुढच्या बाजूला आले. सर अजून खिडकीतच वाकून उभे होते. प्रगतीचा पाय तसाच घट्ट दाबलेला, जणू अजूनही कुणी फसवून गाडी चालू करेल.

"गिअर काढ, माय," ते म्हणाले. "गाडी घरी चालली."

तिनं पहिल्यांदा त्यांच्याकडे पाहिलं, बराच वेळ पाहिलं. मग गिअर काढला आणि हळूहळू पाय उचलला.