पाठमोरे सर

सरांचा चेहरा आठवायला मला वेळ लागतो. पाठ मात्र डोळे मिटले की समोर येते. करड्या कोटाची पाठ, उजव्या खांद्यापाशी तपकिरी कापडाचे ठिगळ, मानेजवळ खडूचा डाग आणि टोपीखालून डोकावणारे, वेळेवर न कापलेले केस. अमरावतीच्या आमच्या शाळेत ते इंग्रजी शिकवत आणि तासातला निम्मा वेळ आमच्याकडे पाठ करून उभे असत. त्यांचे आडनाव वेगळेच होते, पण शाळेत ते पाठमोरे सर. नव्याने आलेली मुले तर तेच त्यांचे आडनाव समजत आणि वहीवर सरळ तसे लिहीत. सरांनी ते कधी खोडले नाही.

उतारा वाचून दाखवायचा असला की सर फळ्याकडे वळत. आम्ही नुसते ऐकायचे आणि मग विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहायची. उतारा एकदाच. कोणी काकुळतीला येऊन "सर, पुन्हा एकदा" म्हटले, तर मान न वळवता उत्तर येई, "साहेब एकदाच बोलतो पोट्टेहो, आन् खुर्ची सरकवून चालला जातो. मंग बसा डोकं खाजवत." तासाच्या सुरुवातीचा प्रश्नही ठरलेला होता. "कान धुऊन आले का?" पहिल्या दिवशी पुढच्या बाकावरच्या दोघींनी घाबरून खरेच कानाला हात लावून पाहिला होता. त्यातली एक मी.

ऐकायचा उतारा ते पाठ्यपुस्तकातून कधीच घेत नसत. तो आम्ही घरी घोकून येऊ याची त्यांना खात्री होती. त्यांच्या कोटाच्या खिशातून काय निघेल सांगता येत नसे. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीभोवतीचा कागद, शिवणयंत्राला तेल कसे द्यावे याच्या सूचना, किराण्याच्या पुडीचे वर्तमानपत्र. एकदा त्यांनी कोर्टातल्या एका जुन्या निकालाचा कागद वाचला. दोन भावांचे शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, भांडण होते. वाचून संपले तशी मागच्या बाकावरून वासुदेव उठला. वासुदेव नांदगाव खंडेश्वरचा, शेतकऱ्याचा मुलगा, अंगाने दांडगा आणि इंग्रजीत वर्गात सगळ्यात मागे. "सर, हा निकाल चुकला हाय जी," तो म्हणाला. "धुरा धाकट्याचाच होता." सर त्या दिवशी चक्क वळले. तोंडभर हसत म्हणाले, "पाहा! याले समजलं. ज्याले इंग्रजीत भांडण समजलं, त्याले काहीही समजते." वासुदेव दिवसभर मान ताठ करून फिरत होता.

मुले वाचत असतानाही सर पाठच करत. याचे कारण त्यांनी आम्हाला एकदाच सांगितले. पूर्वी ते तिवशाच्या शाळेत होते. तिथला एक मुलगा फार सुरेख वाचायचा. एक दिवस सर सहज त्याच्या बाकाशी गेले, तर पुस्तक भलत्याच पानावर उघडे. पोरगा पुस्तक वाचतच नव्हता, सरांचे तोंड वाचत होता. मूल अडखळले की सरांचे ओठ आपोआप हलत, शब्द पुटपुटत. ते त्यांना स्वतःला कळतही नसे. "बोलणं बंद करता येते, पण हे ओठ काई माह्या ऐकत नाहीत," ते म्हणाले. "तवापासून तोंड भिंतीकडे. ज्याले वाचायचं त्यानं पुस्तकात पाहावं. उत्तर वर नाही, बोटाखाली हाय." वासुदेवला त्यांनी हेच शिकवले होते. अडलास तर थांब, श्वास घे, बोटाखालचा शब्द तोड, पुढे जा. काही झाले तरी वर पाहायचे नाही.

आता शाळेविषयी सांगायला हवे, आणि ते सांगताना माझी जीभ आजही कडू होते. शाळा खासगी होती. दर एप्रिलमध्ये सरांना नोकरीवरून काढत आणि जूनमध्ये पुन्हा घेत. म्हणजे सुट्टीचा पगार नको आणि माणूस कायमही व्हायला नको. शाळा चालवणाऱ्या मंडळाचे सेक्रेटरी वकील होते, त्यामुळे हे सगळे कायद्यात बसवलेले होते. एप्रिल आला की सर बिऱ्हाड गुंडाळून बायकोच्या माहेरी, मूर्तिजापूरला जात. वर्गात हसून सांगत, "मी बेडूक हाओ. उन्हाळ्यात जमिनीत, मिरगात वरते." आम्हीही हसायचो. हसण्यासारखे त्यात काय होते कोण जाणे. वाळ्याच्या ताट्या लावून गार केलेल्या खोलीत बसून ज्यांनी दर उन्हाळ्यात एका माणसाचे घर उठवले, त्यांच्याबद्दल शहरात कोणी वावगा शब्द काढत नव्हते. उलट रस्त्याने जाताना लोक त्यांना वाकून नमस्कार करत.

आमच्या मॅट्रिकच्या वर्षी मंडळाने नवेच काढले. आधीच्या वर्षी इंग्रजीत बरीच मुले आपटली होती. म्हणून यंदा बाहेरचे परीक्षक येऊन तोंडी परीक्षा घेणार होते. ते उतारा वाचतील, तो ऐकून उत्तरे लिहायची, मग एकेकाने उठून न पाहिलेला उतारा वाचायचा. त्यात जे तरतील त्यांनाच मॅट्रिकला बसता येईल. सेक्रेटरींनी वर्गात येऊन हे जाहीर केले आणि जाता जाता सरांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "मास्तर, पोरं पास निघाली की यंदा तुम्हाला कायम करून टाकू." दुसऱ्या दिवशी सर दाढी करून, टोपी धुऊन आले.

मग त्यांनी आम्हाला अक्षरशः पिळून काढले. दिवाळीनंतर कापसाच्या गाड्या शाळेवरून जात, पलीकडच्या जिनचा, सरकी काढायच्या कारखान्याचा, घरघराट दिवसभर चाले. सर मुद्दाम त्याच बाजूच्या खिडक्या उघडत. व्हरांड्यात उभे राहून वाचत, तोंडात सुपारी धरून वाचत, भरभर वाचत, मधेच खोकत. "साहेब कसा येईल, आपल्याले काय मालूम? त्याले सर्दी झाली तर तुमी काय नापास होता?" सुट्टीच्या दिवशीही वर्ग भरे. माझे वडील पौरोहित्य करत. त्यांना मुलीचे इंग्रजीचे खूळ फारसे पसंत नव्हते, पण एकदा ते शाळेशी येऊन उभे राहिले, सरांचे वाचन ऐकले आणि घरी आल्यावर म्हणाले, "आम्हालाही मंत्र असाच शिकवला. पुस्तक न दाखवता." त्यानंतर त्यांनी मला अडवले नाही.

परीक्षेच्या दिवशी मोठ्या हॉलमध्ये आम्हाला बसवले. परीक्षक म्हातारे, सौम्य गृहस्थ होते. शेजारी हेडमास्तर आणि सेक्रेटरी. विषयशिक्षकाने सर्वांना दिसेल असे, मुलांकडे तोंड करून बसायचे, अशी सेक्रेटरींची आज्ञा झाली. सर खुर्चीजवळ गेले आणि तिथेच घुटमळले.

"मले पाठ करून बसू द्या जी," ते हळूच म्हणाले.

"काहून? लपवायचं काय आहे?" सेक्रेटरींनी विचारले.

कारण सांगायचे होते तर ते त्या क्षणी. पण हॉलभर मुलांसमोर, परक्या परीक्षकांसमोर, ज्या मास्तराचे स्वतःच्या तोंडावर नियंत्रण नाही तो मी, असे सांगायची त्यांना लाज वाटली असावी. "काई नाही जी," असे म्हणून ते बसले. हात गुडघ्यांवर ठेवले आणि ओठ दातांत धरले.

ऐकण्याचा भाग आमच्या दृष्टीने पोरखेळ होता. परीक्षकांना ना सर्दी, ना सुपारी. सगळ्या माना खाली, सगळ्या लेखण्या चालू. मग वाचन सुरू झाले. माझे झाले आणि मी खाली बसले. पुढे काही मुले झाली, आणि वासुदेव उठला. त्याला लांबलचक उतारा आला होता. बोट ओळीवरून सरकत होते, आवाज खणखणीत. मध्येच तो एका शब्दाशी अडला. थांबला. श्वास घेतला. मी सरांकडे पाहिले. दातांतून सुटलेले त्यांचे ओठ हलत होते.

वासुदेवने वर पाहिलेच नाही. त्याने बोटाखालचा शब्द तोडला, जोडला, आणि पुढे गेला. तो कधी वर पाहत नसे. त्यासाठीच सरांनी वर्षभर त्याचे डोके खाल्ले होते. पण सेक्रेटरी टेबलावर हात आपटून उठले होते.

"हे काय चाललं आहे? मास्तर ओठांनी सांगून राहिले आन् पोरगा वाचून राहिला!"

"नाही जी, थे सवय हाय," सर उठत म्हणाले. "मले कळतही नाही जी."

"चोराचीही सवयच असते."

मी उभी राहिले. "त्यानं वर पाहिलंच नाही जी. मी पाहत होते. तो खालीच पाहत होता."

"तुले कोणी विचारलं? बस खाली," सेक्रेटरी म्हणाले. हेडमास्तर छताकडे पाहत होते. त्या छतात पाहण्यासारखे काही नव्हते. आणि परीक्षक, ज्यांना त्या मुलाचे वाचन आवडले होते हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होते, ते म्हणाले, "वाचन उत्तम आहे. गुण मी दिले आहेत. बाकी हा शाळेचा आपसातला प्रश्न." मग त्यांनी चहा घेतला. भल्या माणसांचा मला राग येतो तो तेव्हापासून. वाईट माणूस निदान काहीतरी करतो तरी.

वासुदेवसकट सगळ्यांना मॅट्रिकला बसू दिले. मुलांच्या पालकांशी वाकडे कोण घेणार? वाकडे घ्यायला एकटे सर होते. एप्रिलमध्ये त्यांना नेहमीसारखे काढले. जून आला, मृग बरसून गेला, आणि त्यांना बोलावणे गेले नाही. त्यांच्या जागी सेक्रेटरींचे अकोल्याचे जावई आले. मॅट्रिकच्या निकालात आमचा सगळा वर्ग इंग्रजीत पास झाला. शाळेने सत्कार ठेवला आणि इंग्रजीच्या शिक्षकाला हार घातला. म्हणजे जावयांना. ज्यांनी आम्हाला एक शब्द शिकवला नव्हता त्या गृहस्थांनी तो हार मान वाकवून घेतला, वर चार शब्द बोललेही. वासुदेव मधेच उठून निघून गेला. तो पुन्हा कधी त्या शाळेच्या फाटकात शिरला नाही.

मी पुढे शिकले आणि अकोल्याला मुलींच्या शाळेत इंग्रजीच शिकवायला लागले. साठ सालानंतरची गोष्ट. यवतमाळकडे एका लग्नाला निघाले होते आणि मूर्तिजापूरला शकुंतलेची, अरुंद रुळांवरच्या त्या छोट्या गाडीची, वाट पाहत उभी होते. फलाटावर माझ्यापुढे एक माणूस पाठमोरा बसला होता. कोट नव्हता, ठिगळ नव्हते, सदऱ्यावर कापसाचे तंतू चिकटले होते. पण त्या पाठीची ओळख मला कोणी पटवून द्यायला नको होती. मी पुढे जाऊन पाया पडले.

सर तिथल्याच एका जिनमध्ये कामाला होते. "इंग्रजी सुटली नाही बरं," ते म्हणाले. "कापसाच्या गाठीवर नंबर टाकतो, थो इंग्रजीतच." मी काय करते ते त्यांनी विचारले. मी सांगितल्यावर त्यांचे डोळे क्षणभर लकाकले.

"पोट्ट्या वाचतात तवा तोंड कोणीकडे असते तुझं?"

"भिंतीकडे," मी म्हणाले. "तुमच्यासारखं."

मला वाटले होते, ते खूश होतील. त्यांनी नुसती मान हलवली. "नको करू तसं. समोर पाहत जाय. पाठ केली का लोकायले वाटते, काहीतरी लपवून राहिली." मग म्हणाले, "पुस्तक हाय का जवळ? वाच पाहू."

पिशवीत वर्गाचे पुस्तक होते. मी उघडले आणि सवयीने थांबले, ते पाठ करतील म्हणून. त्यांनी केली नाही. माझ्याकडे तोंड करून बसून राहिले. मी वाचू लागले. अर्ध्यावर एक लांब, अवघड शब्द आला. तो मला चांगला येत होता, मी तो दर वर्षी मुलींना शिकवत होते. तरीही मी मुद्दाम अडले, थांबले, आणि आयुष्यात पहिल्यांदाच वाचताना वर पाहिले.

सरांचे ओठ मिटलेले होते. ते माझ्याकडे पाहत होते, फलाटावरचा कोणीही माणूस गाडीची वाट पाहतो तसे. नोकरी तर सेक्रेटरींनी त्यांच्याकडून दर एप्रिललाच घेतली होती. त्या दिवशी हॉलमध्ये त्यांनी सरांकडून काय घेतले, ते मला तेव्हा कळले.

मी मान खाली घातली, शब्द तोडला आणि पुढे वाचत गेले.

"चांगलं वाचलं," सर म्हणाले. "गाडी आली पाह्य तुझी."