अस्वलाचा डोळा

आमच्या जाऊबाई एक नंबरच्या घाबरट! पाल दिसली की न्हाणीघराबाहेरच ताटकळणार. खेळण्यांच्या कारखान्यात कामाला होत्या. परदेशी जाणाऱ्या कापडी अस्वलांचे डोळे ओढून तपासायच्या. एकदा डोळा हातातच आला. मग दुसऱ्याचा, तिसऱ्याचाही.

साहेब खेकसले, "तपासल्याचा शिक्का मारा बाई, गाडी खोळंबलीय! नाहीतर उद्यापासून येऊ नका."

जाऊबाईंनी तो निघालेला डोळा साहेबांपुढे धरला.

"साहेब, तुमची भीती वाटतेच हो. पण तिकडच्या एखाद्या बाळानं हा गिळला तर? त्याची जास्त वाटते."

शिक्का न मारता तिथेच ठेवून त्या घरी आल्या. नोकरी गेली. गाडीही गेलीच, शिक्का दुसऱ्या कुणी मारला.

आता शेजारचं बाळ नुसतं खोकलं, तरी जाऊबाई दचकतात. मी चिडवायला तोंड उघडते, पण आधी मीच बाळाच्या तोंडात काही नाही ना, ते बघून येते.