तिसऱ्या मजल्यावरचा उतारा

निवृत्त पोलीस अधिकारी म्हटलं की लोक खून आणि दरोडे विचारतात. मीही सांगतो, उगाच कोणाचा हिरमोड कशाला करा? पण एकटा बसलो असताना खुनाच्या फायली आठवत नाहीत. आठवते ती डोंबिवलीतल्या एका सोसायटीची लिंबांनी भरलेली पिशवी, आणि मी हसायला लागतो. बायको स्वयंपाकघरातून विचारते, "पुन्हा तेच का?" तिला आता उत्तर द्यावं लागत नाही.

गणपतीचा बंदोबस्त नुकताच संपला होता. स्टाफ दमलेला, दोघे-तिघे तापाने आजारी. मी तिथल्या पोलीस ठाण्याचा प्रभारी होतो. सकाळची हजेरी आटोपून केबिनमध्ये बसतो न बसतो तोच एका सोसायटीचे सेक्रेटरी आले. हातात तक्रार अर्ज, त्यावर सह्याच सह्या आणि दुसऱ्या हातात कापडी पिशवी. पिशवी त्यांनी शरीरापासून लांब धरली होती.

"साहेब, आमच्या बिल्डिंगमध्ये ब्लॅक मॅजिक चाललंय," ते म्हणाले. "हे बघा एव्हिडन्स."

पिशवीत हळद-कुंकू लावलेली लिंबं, एक नारळ, बिब्बे, सुक्या मिरच्या, मीठ-मोहरीच्या पुड्या आणि कापडाची काळी बाहुली होती. माझा ठाणे अंमलदार साताऱ्याकडचा, उंचापुरा हवालदार. भर बाजारात तलवार फिरवणाऱ्याला या गड्याने मागून मिठी मारून पाडलं होतं. तो खुर्ची मागे सारून उभा राहिला.

"साहेब, हे टेबलावर नको. बाहेर झाडाखाली ठेवू."

"मुद्देमाल आहे तो. पंचनामा करायचाय."

"पंचनामा झाडाखालीबी होतो की साहेब."

मी बरं म्हटलं. आमच्या जीपच्या बंपरला दर शनिवारी लिंबू-मिरची कोण बांधतं, याची चौकशी मी स्वतः कधी केली नव्हती.

अर्जाचा मजकूर सरळ होता. तिसऱ्या मजल्यावर, लिफ्टसमोर, रोज तिन्हीसांजेनंतर कोणीतरी उतारा ठेवून जातं. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो: घरातल्या आजारी किंवा दृष्ट लागलेल्या माणसावरून लिंबू, नारळ असं काही ओवाळून बाहेर नेऊन ठेवतात, तो उतारा. ठेवला की मागे वळून बघायचं नाही आणि घरी पोचेपर्यंत कोणाशी बोलायचं नाही. दुसऱ्याचा उतारा ओलांडला तर त्याची पीडा आपल्या मागे लागते, असं मानतात. तिसऱ्या मजल्यावरचे लोक लिफ्टपर्यंत भिंतीला पाठ घासत जात होते.

"आणि वातावरण बघा साहेब," सेक्रेटरी म्हणाले, "संध्याकाळी जिन्यात कोणी कोणाशी बोलत नाही. आपण हाक मारली तर मान खाली घालून निघून जातात. आमची एवढी चांगली सोसायटी होती."

संशयित कोण, तेही त्यांनी ठरवून आणलं होतं. चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणारी एक मुलगी आणि तिची आई. मूळच्या कळव्याच्या. मुलगी वागळे इस्टेटमधल्या एका ऑफिसात कामाला. वॉचमनच्या हातून तिचं पार्सल फाटलं तेव्हा आत जादूटोण्याचं पुस्तक निघालं होतं. खिडकीत ती दगड आणि पिसं मांडून ठेवते, हे समोरच्या इमारतीतूनही दिसत होतं. रविवारी सोसायटीची सभा होती. या दोघींना महिनाअखेर घर खाली करायला लावा, असं घरमालकाला कळवण्याचा ठराव तयार होता.

अर्जावर पहिली सही तिसऱ्या मजल्यावर लिफ्टच्या समोरच राहणाऱ्या एका काकूंची होती. सगळा माल त्यांच्याच दारासमोर पडत होता.

भाडेकरू, दोन बायका, घरात पुरुष नाही. अशा घरावर संशय घ्यायला लोकांना फार कष्ट पडत नाहीत. मला राग आला होता, पण राग स्टेशन डायरीत लिहिता येत नाही. महिला कॉन्स्टेबलला घेऊन मी चौथ्या मजल्यावर गेलो.

दार आईने उघडलं. युनिफॉर्म बघितला आणि मी तोंड उघडायच्या आत त्या सुरू झाल्या.

"साहेब, आम्ही बौद्ध माणसं. आमच्याकडे देव नाहीत, तर भुतं कुठून आणू? हिला सांगून थकले, अगं असली पुस्तकं मागवू नको. एमपीएससीची मागव, लग्नाला तरी उपयोग होईल."

"आई, प्लीज," मुलगी म्हणाली.

मी विचारलं, "लिफ्टसमोर लिंबं तुम्ही ठेवता का?"

"नाही सर. लिंबू किती महाग झालंय!"

"नारळ? बाहुली?"

"नाही. आईशप्पथ नाही."

खोटं बोलणारा माणूस नजर चुकवतो. हिने नाही म्हटलं ते माझ्या डोळ्यांत बघून. मी पुस्तकं मागितली. तिने दोन आणली. एक स्टेशनजवळच्या फुटपाथवरून घेतलेलं जाडजूड हिंदी, दुसरं ऑनलाइन मागवलेलं इंग्रजी. दोन्ही चाळताना माझ्या चेहऱ्यावर काय दिसलं कोण जाणे, ती एकदम उत्साहाने शिकवायलाच लागली.

"सर, हे जाडं आहे ना, हे एकदम फालतू आहे. शत्रूचा नाश, मनासारखी बायको, सगळ्याची गॅरंटी. शिवाय घुबड मारून आणा म्हणतंय. असलं पुस्तक घ्यायचंच नाही. मी घेतलेलं, पस्तावले."

"आणि चांगलं कसं ओळखायचं?"

"चांगलं पुस्तक गॅरंटी देत नाही. कोणाला त्रास द्यायला सांगत नाही. पीस खाली पडलेलं उचल, पक्ष्याचं उपटू नको. हे झाड विषारी आहे, हात लावू नको. असं सगळं नीट सांगतं. शेवटी सूची पण पाहिजे, नाहीतर शोधायचं कसं?"

हसू दाबत मी मान डोलावली. खबऱ्यांच्या बाबतीत मी नोकरीभर हीच परीक्षा लावली होती. 'शंभर टक्के पक्की खबर' म्हणणाऱ्याने मला हमखास चुकीच्या चाळीत पाठवलं. 'साहेब, मला वाटतंय, पण बघून घ्या' म्हणणाऱ्याने आरोपी पकडून दिले.

"आणि खिडकीतलं ते सगळं काय आहे?"

"काही नाही सर. दगड, शिंपले, पानं गोळा करते. छान वाटतं, एवढंच." तिने खिडकीकडे बोट दाखवलं. नदीतले काळे गुळगुळीत गोटे ओळीने मांडलेले होते आणि प्रत्येकाला मधोमध पांढरी रेघ होती. अशी रेघ आरपार गेलेला गोटा शुभ असतो, असं तिचं पुस्तक म्हणत होतं. मी जबाब लिहून घेतला आणि खाली उतरलो.

तिसऱ्या मजल्यावर काकूंनी दार उघडंच ठेवलं होतं. वयस्कर, एकट्या, मूळच्या रत्नागिरीकडच्या. गुडघ्याचं ऑपरेशन होऊन थोडेच महिने झाले होते. चहा घेतल्याशिवाय जबाब देणार नाही, असं त्यांनी मलाच बजावलं. पोलीस ठाण्यात चहा आपण पाजतो, तेव्हा समोरचा बोलतो. घरात तो त्यांना पाजू द्यावा, म्हणजे ते जास्त बोलतात.

स्वयंपाकघरातून आलं ठेचल्याचा आवाज आला. मी सहज मान वाकडी करून बघितलं. काकूंच्या हातात काळा गुळगुळीत गोटा होता आणि त्याला मधोमध पांढरी रेघ होती.

"काकू, हा दगड कुठून आणलात?"

आवाज थांबला. काकूंनी गॅस बारीक केला. मग हात पुसत बाहेर आल्या आणि खुर्चीवर बसल्या.

"माझ्या दारात ठेवलेला कोणीतरी. लाल लोकरीने बांधलेलं, कावळ्याचं पीस, शिंपला आणि हा. पितृपक्षात, साहेब! उंबऱ्यावर कावळ्याचं पीस बघून मी आधी दारच लावून घेतलं. पीस आणि शिंपला फेकून दिला."

"आणि दगड?"

"अहो, गोमूत्राने धुतला, गंगाजळ शिंपडलं. इतका छान दगड टाकवेना. आलं ठेचायला काय सुरेख पडतो!"

"करणीचा दगड चहाला वापरता?"

"शुद्ध केलाय म्हटलं ना!"

काकूंनी चहा आणून दिला, तो मी जपून खाली ठेवला. मग पुढचं विचारलं. करणी आली म्हणून काकूंनी स्वतःवरून लिंबू ओवाळलं होतं. उतारा ठेवायला तिठा लागतो, तीन वाटा मिळतात ती जागा. काकूंच्या कोकणात तो गावाबाहेर असतो. पण गुडघा असा, खाली उतरून रस्त्यावरचा तिठा गाठायचा कसा?

"मग मी विचार केला," काकू म्हणाल्या, "इथे लिफ्ट, इथे जिना, इथे पॅसेज. झाल्या की तीन वाटा."

मी उठून दारात गेलो. खरोखरच तिठा होता. बिल्डरने न सांगता दिलेली सोय!

बाकी मग सरळ होतं. काकूंचा उतारा बघून शेजारचे घाबरले. आपल्यावर करणी होतेय म्हणून त्यांनी स्वतःचा उतारा काढला आणि तयार तिठ्यावर ठेवला. तो बघून त्यांच्या वरचे घाबरले. काकूंनी सकाळी दार उघडलं तर एकाचे दोन झालेले. म्हणजे करणी उलटली! त्यांनी आणखी एक काढला. मागे वळून बघायचं नाही म्हणून कोणी कोणाला बघितलं नाही, आणि बोलायचं नाही म्हणून जिन्यात सगळे मान खाली घालून चाललेले.

मी मुलीला खाली बोलावलं. आईही आल्या. ओट्यावरचा गोटा बघून मुलीचा चेहरा पडला.

"माझाच आहे," ती म्हणाली. "तुम्ही लिंबाचं विचारलंत सर, याचं नाही विचारलंत. आणि मी घाबरलेले."

मला जेवढं विचारलं तेवढंच उत्तर मिळालं होतं, यात तिचा दोष नव्हता.

"कशासाठी ठेवलास?" काकूंनी विचारलं.

"तुमच्या गुडघ्यासाठी. पुस्तकात होतं, बरं वाटावं म्हणून असं बांधून उंबऱ्यावर ठेवायचं. कावळा हुशार असतो म्हणून त्याचं पीस. तुम्ही मला रोज विचारता ना काकू, डबा घेतलास का म्हणून. ऑफिसला जाताना तेवढं एकच कोणीतरी विचारतं." ती रडायला लागली. "आणि नंतरच्या प्रकरणात लिहिलंय की ज्याच्यासाठी करायचं त्याला आधी विचारून घ्या. मी तिथपर्यंत पोचलेच नव्हते. आणि वॉचमन म्हणाला, अर्जावर तुमचीच सही पहिली आहे. खरं ना, काकू?"

काकू नुसत्या गोट्याकडे बघत राहिल्या. मला तिथे बसवेना. चौकशीत रडणारी माणसं मी पुष्कळ बघितली, पण तिथे मला गुन्हेगारच सापडत नव्हता.

रविवारी मी पिशवी घेऊन सभेला गेलो. हवालदाराने ती जीपच्या टपावर ठेवली होती, आत नाही. आधी मी कायदा सांगितला. जादूटोणाविरोधी कायद्याचा मी त्या हद्दीतला दक्षता अधिकारी होतो. दाराबाहेर लिंबू ठेवलं म्हणून त्या कायद्यात कोणी अडकत नाही. पण 'ही करणी करते' असं म्हणून एखाद्या बाईला छळणारा, तिचं जगणं मुश्कील करणारा नक्की अडकतो. सेक्रेटरींनी ठरावाचा कागद हळूच घडी करून खिशात घातला.

मग मी पिशवी टेबलावर उलटी केली.

"मुद्देमाल ओळख पटवून मालकाला परत करायचा, असा नियम आहे. मालक सापडला नाही तर हे सगळं सोसायटीच्या ऑफिसात राहील."

खुर्च्या मागे सरकल्या. कुजबुज सुरू झाली. मग मागून एक गृहस्थ उभे राहिले.

"साहेब, नारळ आमचा. पण परत नको."

"बिब्बे आमचे. मुलाची सीए फायनल होती."

"ती बाहुली माझी," सेक्रेटरींच्या पत्नी म्हणाल्या.

"तुझी?" सेक्रेटरी ओरडले.

"मग काय! तुमचं बीपी गोळीने उतरत होतं का?"

हसू आवरेना लोकांना. हवालदारसुद्धा तोंडावर रुमाल धरून बाहेर गेला. हशा ओसरला तेव्हा काकू काठी टेकत उभ्या राहिल्या.

"अर्जावर पहिली सही माझी. ती मी मागे घेते," त्या म्हणाल्या. "माझ्या दारात पहिल्यांदा जे आलं, ती करणी नव्हती. मी हॉस्पिटलातून आले तेव्हा तुमच्यातलं कोण आलं होतं बघायला? ह्या पोरीने माझ्या गुडघ्याचा विचार केला आणि मी तिला घराबाहेर काढायला निघाले. हिने मला विचारायला हवं होतं, आणि मी हिला. ह्या दोघी कुठे जाणार नाहीत. जायच्या असतील तर आधी मी जाते."

ठराव मांडायला कोणी उठलं नाही. अर्ज निकाली काढल्याची नोंद मी त्याच दिवशी केली.

या प्रकरणाने मला काय शिकवलं? धमकी देणारा माणूस निदान दार वाजवून येतो. भलं चिंतणारे मात्र वस्तू उंबऱ्यावर ठेवून पळतात, आणि मग पोलिसांना बोलवावं लागतं. माणसं एकमेकांना घाबरतात त्यातली अर्धी भीती एका प्रश्नाने जाईल, पण तो प्रश्न विचारायलाच त्यांना सर्वांत जास्त भीती वाटते. माझ्या नोकरीतल्या कितीतरी मोठ्या भांडणांचं मूळ असंच न विचारलेलं काहीतरी होतं, हे मला इतक्या उशिरा कळलं.

सभा संपल्यावर मी जीपकडे निघालो होतो. लिफ्टची वाट बघत काकू आणि ती मुलगी शेजारी उभ्या होत्या. शेवटी काकूंनीच विचारलं.

"काय गं, तुझ्या त्या पुस्तकात गुडघ्याचं काही आहे का?"

"आहे काकू," मुलगी म्हणाली. "पण वर लिहिलंय, आधी डॉक्टरांना विचारा."

काकूंनी जरा विचार केला.

"मग पुस्तक चांगलं दिसतंय," त्या म्हणाल्या, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवून लिफ्टमध्ये शिरल्या.