थोरले गिरीधर, धाकटा गिरीधर

सर्व्हर सकाळपासून चौथ्यांदा आडवा झाला, तेव्हा गिरीधरने कीबोर्ड असा ढकलला की कॉफीचा टंबलर लवंडला. "मर मेल्या!" तो यंत्रावर खेकसला. मराठीत, कारण चेन्नईतल्या गिंडीच्या त्या ऑफिसात ती कुणाला कळत नव्हती. शिव्या घालायला याहून चांगली सोय कुठली!

पंपाच्या कारखान्याचं सॉफ्टवेअर सांभाळणं ही त्याची नोकरी. पण आज रजा टाकूनही तो ऑफिसात बसला होता तो घरच्या कामासाठी. त्याच्या वसंताआत्याने अकरा वर्षं घरोघर हिंडून चेन्नईतल्या तंजावरी मराठी कुटुंबांच्या वंशावळी वहीत उतरवल्या होत्या, आणि गिरीधरने त्यांची वेबसाइट केली होती. चार वाजता तांबरमला समाजाच्या सभेत ती दाखवायची होती. चिटणीस संताजीराव सरळ म्हणाले होते, "आज परत बंद पडली, तर काढून टाकू. लोक हसतात आम्हाला." म्हणजे म्हातारीची अकरा वर्षं पाण्यात.

आता एक वाजला होता.

साइट सुरू केली की दहा मिनिटं बरी चालायची, मग मेमरी चढायला लागायची ती थेट सर्व्हर कोसळेपर्यंत. त्याने मेमरी दुप्पट केली, तीही गिळली. फोटो काढून टाकले. काडीचा फरक नाही. सर्व्हर भाड्याने देणाऱ्यांना फोन करून ओरडला. त्यांनी गोड आवाजात सांगितलं, दोष तुमच्या स्क्रिप्टमध्ये आहे. ह्यांचं बरंय!

शेवटी वैतागून त्याने स्क्रिप्ट पिढ्या चढताना घेईल ते प्रत्येक नाव पडद्यावर उमटेल असं केलं, आणि स्वतःचंच घराणं उघडलं.

गिरीधरचे वडील पद्मनाभ. पद्मनाभचे वडील गिरीधर. गिरीधरचे वडील पद्मनाभ. पद्मनाभचे वडील गिरीधर...

नावं धावतच सुटली. गिरीधरने कपाळावर हात मारला.

त्यांच्यात नातवाला आजोबांचं नाव ठेवतात. म्हणूनच आत्याने अशा प्रत्येक नावामागे 'थोरले', 'धाकटा' लिहून घेतलं होतं. आणि गेल्या महिन्यात ह्या शहाण्याने ते शब्द कचरा समजून एका झटक्यात पुसले होते, एका घराण्यातली सारखी नावं एकाच माणसाची म्हणून जोडून टाकली होती, आणि जुनी प्रतही ठेवली नव्हती. आत्या म्हणाली होती, "कण्णा, राजा, त्याला हात लावू नकोस." तो म्हणाला होता, "आत्या, तुला कॉम्प्युटरमधलं काय कळतं?"

घ्या! झाला स्वतःचाच आजोबा!

एकदा येऊन गेलेलं नाव पुन्हा आलं की थांबायचं, एवढ्या दोन ओळी त्याने घातल्या. मेमरी जागच्या जागी राहिली. संताजीरावांना एवढं पुरलं असतं. पण पडद्यावर त्याच्या घराण्यात दोनच पुरुष उरले होते. आत्याचे वडील कुठेच नव्हते. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

त्याने फोन लावला. "आत्या, तुझं ऐकायला हवं होतं. मी आजोबांना पुसून टाकलं."

"माझ्या बापाला?"

"हो. आणि असे पुष्कळ. वही घे ना जरा."

"चष्मा शोधते. थांब." मग ती पानं उलटत वाचू लागली आणि तो टाइप करू लागला. एकशे सव्वीस नावं. मध्येच तो म्हणाला, "हळू, आत्या," तर ती फणकारली, "आता बरं ऐकू येतं तुला!" शेवटचं नाव चढलं तेव्हा चारला दहा कमी होते आणि आत्याला सभेला न्यायला आलेली रिक्षा तिच्या घराखाली हॉर्न वाजवत असलेली फोनमधून ऐकू येत होती.

साडेचारला फोन आला. मागे सभेचा गलका होता. पडद्यावरची मेमरीची रेघ तशीच सरळ होती, तरी गिरीधरने ती पुन्हा एकदा पाहून घेतली.

"संताजीनं आपल्या पद्मनाभचं घराणं उघडलं," आत्या म्हणाली.

"मग? चाललं ना?"

"ते मला काय कळतं?" ती म्हणाली. "तिघं आहेत रे. वर बाबा आहेत."