इनामदार काकांनी टाइप न केलेला बायोडाटा

इनामदार काका काल गेले.

कोथरूडमधल्या त्यांच्या झेरॉक्स-टायपिंगच्या दुकानात त्यांनी माझा बायोडाटा मी लिहिला तसा टाइप करायला नकार दिला होता.

नऊ वर्षं झाली. मी यवतमाळहून नोकरी शोधायला आले होते. लॅपटॉप नव्हता. हाताने लिहिलेला कागद काकांपुढे ठेवला.

काका प्रत्येक ओळीला थांबून विचारायचे, हे खरं का? गिऱ्हाईक वैतागून दुसरीकडे जायचं. काकांना त्याचं सोयरसुतक नसायचं.

ऑब्जेक्टिव्हमध्ये मी सगळे लिहितात तेच लिहिलं होतं, चॅलेंजिंग एन्व्हायर्न्मेंट वगैरे.

"चॅलेंजचं नंतर बघू. तुम्हाला हवंय काय?"

म्हटलं, खिडकी असलेली स्वतःची खोली.

"मग लाजता कशाला? महत्त्वाकांक्षा छोटी असली तरी चालते. दुसऱ्याची उसनी नको."

मग आली 'दोन वर्षांचा अनुभव' ही ओळ. ती खोटी होती. ती दोन वर्षं मी घरी होते. बाबांना पॅरालिसिस झाला होता, त्यांचं सगळं मी करत होते.

"लिहून द्या ना जी काका. अनुभव नसला तर कोणी उभं करत नाही."

"अहो, आयुष्य एका पानात मावतं. दुसरं पान लागलं की समजावं, भर घातलीय."

त्यांनी बाबांचं आजारपण लिहिलं. तेवढंच.

पुढे लग्नाचा बायोडाटाही त्यांच्याकडेच केला. आई फोनवरून सांगत होती, "गोरी लिहाले सांग त्याईले." काकांनी तो रकानाच उडवला. म्हणाले, स्थळ बघायचंय की पडद्याचं कापड? चेहरा बघायला माणसं येतीलच, त्यांना डोळे असतील.

मला फार हसू आलं होतं. आणि खरं सांगते, त्या दिवशी मी आरशात जरा जास्त वेळ बघितलं.

पण नोकरीचं सांगायचं राहिलं.

काकांचा कागद घेऊन मी तीन इंटरव्ह्यू दिले. तिन्ही ठिकाणी त्या दोन वर्षांवर बोट ठेवलं आणि थँक्यू म्हणाले.

चौथ्याच्या आधी मी पलीकडच्या गल्लीत गेले आणि अनुभवाची ओळ टाइप करून घेतली.

नोकरी लागली.

काकांकडे पेढे घेऊन गेले. त्यांनी विचारलं, "कोणता कागद नेला होतात?"

"तुमचाच."

काकांनी पेढा तोंडात टाकला. बराच वेळ चघळत राहिले. मग म्हणाले, "बरं झालं."

त्यांना कळलं होतं का? नऊ वर्षं मला हेच कुतूहल आहे. विचारायची हिंमत झाली नाही. कळलं असेल तर ते गप्प का राहिले? आणि कळलं नसेल तर त्यांना इतकं भाबडं समजणारी मी कोण?

काल दफन झाल्यावर त्यांच्या घरी गेले होते. एक मुलगी जवळ आली. लोणी काळभोरची. म्हणाली, "तुम्ही यवतमाळच्या ताई ना? काका तुमचं सारखं सांगायचे. खरं लिहून नोकरीला लागली म्हणून. म्हणून मी पण माझी गॅप खरी लिहिलीय."

मी विचारलं, नोकरी लागली का?

"नाही अजून. चार ठिकाणी नाही म्हणाले. पण तुमचं झालं ना, माझं पण होईल."

मी तिचा नंबर तेवढा घेतला.

मी आज त्याच कंपनीत एचआरला आहे. नव्या मुलांचे बायोडाटा माझ्याच टेबलावर येतात. गॅप दिसली की मीही थँक्यू म्हणते.

माझ्या ऑफिसातले बरेच जण माझ्या फ्रेंडलिस्टमध्ये आहेत. वाचा. उद्या मी येणारच आहे, काय ते विचारा.

ही पोस्ट त्या मुलीला पाठवतेय. माझं खरं लिहून झालं नव्हतं, हे तिला कळायला हवं. पुढच्या वेळी काय लिहायचं ते तिचं तिने ठरवावं.

काका, हे तुमच्यासमोर बसून सांगायचं होतं. माझी हिंमत कमी पडली. माफ करा.

शांत झोपा.