रावसाहेबांनी टाकलेलं मांजर

कर्जतला मी ज्यांच्या भाताच्या कोठारावर दोन खोल्या घेऊन राहत होतो, त्यांना नुकतीच रावसाहेब ही पदवी मिळाली होती. सत्काराच्या दिवशी घरचं थोराड मांजर त्यांच्या नव्या पगडीत झोपलं, म्हणून त्यांनी गड्याला ते पोत्यात घालून नदीपलीकडे सोडायला सांगितलं. त्याच समारंभात त्यांनी मला, शाळामास्तराला, दाराशी काढलेल्या जोड्यांपाशी बसवलं होतं. मी गड्याला वाटेत गाठून पोतं मागितलं.

"न्या मास्तर, पन धन्याला सांगू नका."

मग मी खिडकीला बांबूची जाळी बांधली, दूध शिंक्यावर चढवलं, राखेची पाटी कोपऱ्यात ठेवली आणि चुलीजवळ जुनं धोतर अंथरलं. आणलेलं मांजर चुलीची सवय होईपर्यंत कोंडून ठेवतात, नाहीतर ते जुन्या घराची वाट धरतं. मला तेवढीच धास्ती होती.

दिवाळीनंतर कोठारात नवं भात आलं आणि त्यामागून उंदीर आले. खिडकीतलं मांजर रावसाहेबांना खालून दिसत होतंच. ते जिना चढून आले.

"मास्तर, आमचं मांजर द्या."

"आपलंच आहे. हाक मारा." मी दार सताड उघडलं आणि बाजूला झालो.

"ये गं, ये बाई," रावसाहेब ओणवे होऊन विनवू लागले. जिन्याखाली त्यांचेच गडी तोंडात पंचा कोंबून हसत होते. मांजराने त्यांच्याकडे पाहिलं, पाय पोटाशी घेतले आणि डोळे मिटले.

"निदान पुढे पिल्लं झाली तर एखादं तरी?"

"विचार करून सांगतो," मी म्हणालो. रावसाहेब आता हयात नाहीत. माझा विचार अजून चालू आहे.