कडुनिंबाचं पान, माझा रंग

नव्वदच्या सुमारास मी सिल्वासाच्या एका साबणाच्या कारखान्यात केमिस्ट होतो. केमिस्ट कसला, रंगारी! आमचा साबण कडुनिंबाचा. कडुनिंबाच्या तेलात जंतू मारायचा गुण असतो, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. पण तेलाला वास उग्र. पुण्याहून आलेले आमचे मॅनेजर नाकाला रुमाल लावून म्हणाले, "काढून टाका हो ते. हिरवा रंग वाढवा. पान खोक्यावर छापतोच आहोत आपण." मी काढून टाकलं. नोकरी होती आणि कणा नव्हता.

फाटकाशी खरा कडुनिंब होता. सकाळच्या पाळीचे कामगार त्याच्या काड्या चावत यायचे. वॉचमन त्या बाहेरच टाकायला लावायचा, कारण ते गावंढळ दिसतं असं साहेबांचं मत. पुढे झाडाच्या फांद्याही छाटल्या, कारखान्याची पाटी झाकली जात होती म्हणून. पाटीवर चित्र कडुनिंबाच्याच पानाचं! सगळे अकलेचे कांदे, आणि त्यांत मीही.

साबणावर छाप मारायच्या मशीनवर धुळ्याकडचा एकजण होता. कारखान्याजवळच्या डोकमर्डी वस्तीत खोली, गावी बायको आणि दोन मुली. मशीनच्या पत्र्याने त्याचं बोट कापलं. चिंधी गुंडाळून तो काम करत राहिला. आठ दिवसांनी ते काळंनिळं सुजलेलं बोट मला दिसलं, तेव्हा मी ओरडलोच, "दवाखान्यात का नाही गेलास?"

"कशाला साहेब? रोज तीनदा आपलाच साबण लाई राहिनू ना. याच्यात पूर्ण झाड शे!"

बोट कापावं लागलं. कडुनिंबाने ते वाचलं असतं असं मी म्हणत नाही. पण ज्याच्या भरवशावर त्याने आठ दिवस घालवले, तो माझा हिरवा रंग होता.

हे सांगायला मी दोनदा त्याच्या खोलीवर गेलो आणि दोन्ही वेळा त्याचा चहा पिऊन परत आलो. थू माझ्या शिक्षणावर! मग तोच आला, पट्टी बांधलेला हात छातीशी धरून.

"साहेब, पाच-सहादा लावलं असतं तर वाचलं असतं का?"

"जखम खोल होती," मी म्हणालो.

त्याने मान डोलावली. जाता जाता थांबला. "धाकलीले खरूज व्हयेल शे. गावले धाडाले दोन वड्या द्या ना."

मी दिल्या.